हॉन्डुरसला सात दिवस: लेकीला पाठवावं का?

शिलाईमशीन

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही घरातल्या भांडणातून निघालेला.

आम्ही ओहायोत राहतो. लेक सोळा वर्षांची, अकरावीत. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या चर्चमधली मुलं जूनमध्ये हॉन्डुरसला 'मिशन ट्रिप'ला चाललीयत आणि हिलाही जायचंय. आम्ही ख्रिस्ती नाही हे चर्चवाल्यांना ठाऊक आहे, त्यांची हरकत नाही. एकूण सात दिवस, त्यातले दोन प्रवासात. तिथल्या एका चर्चच्या शाळेची भिंत बांधायची, दुपारी लहान मुलांना गाणी, गोष्टी, चित्रं (गोष्टी अर्थातच बायबलमधल्या), आणि शेवटचा दिवस समुद्रावर. वेळापत्रकात त्या दिवसापुढे 'चिंतन' असं लिहिलंय.

खर्च माणशी २,२०० डॉलर. तो आईबापांनी द्यायचा नाही, मुलांनी स्वतः जमवायचा. म्हणजे ओळखीपाळखीच्यांना पत्रं धाडायची. पत्राचा नमुना चर्चनंच दिलाय, फक्त रिकाम्या जागा भरायच्या. वर एका अनवाणी मुलाचा फोटो. हे पत्र पुण्याला आत्तेसासूबाईंनाही गेलंय, हे मला त्यांचा फोन आल्यावर कळलं. म्हणाल्या, "अगं, भिंतच बांधायची असेल तर आमच्या सोसायटीची गेल्या पावसात पडलीय."

भर म्हणून मी चर्चच्या खाद्यविक्रीसाठी दोनशे समोसे तळून दिलेत (बटाटेवडे इथे कुणी ओळखत नाही). म्हणजे मी आधीच अर्धी सामील.

नवरा म्हणतो, अजिबात नाही. त्याचं कारण धर्म. मला ती भीती फारशी नाही. माझं खटकणं वेगळं आहे आणि ते मला धड सांगता येत नाहीये. पोरगी फोनमधून मान वर काढून विटा उचलायला निघालीय, तर अडवू कशाला? पण त्या अनवाणी पोराचा फोटो बघितला की कसंतरीच होतं. तुम्ही काय कराल?

चहाबाज

ताई, तुम्ही नेमकं हॉन्डुरसच म्हणालात, कारण तिथला हिशोब एकानं करून ठेवलाय.

१९९८ च्या शेवटी मिच चक्रीवादळानं तो देश धुऊन काढला. हजारो माणसं गेली, डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. मग उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरं बांधायला धावले, तुमची लेक चाललीय तसेच. मिशिगनच्या कॅल्विन कॉलेजचे कर्ट व्हर बीक हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आणि हॉन्डुरसमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले, म्हणजे चर्चचा दुस्वास करणारे कुणी नव्हेत. त्यांनी ही घरं मिळालेल्या कुटुंबांना गाठलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. स्थानिक संस्थेनं बांधलं तर घराचा खर्च सुमारे २,००० डॉलर. पाहुण्यांच्या गटानं बांधलं तर येण्याजाण्यासकट सुमारे ३०,०००. आणि घरात राहायला गेलेल्यांच्या आयुष्यात काही फरक? दिसण्यासारखा नाही. कुणी रचल्या हे विटांना कळत नाही.

तुमचा गट पंधरा जणांचा धरा. ३३,००० डॉलर. तेव्हाच्या दरानं सोळा घरं होतात. इथे होणार काय, तर सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी रचलेली एक भिंत, जी ती विमानात बसली की तिथला गवंडी गुपचूप पाडून परत ओळंब्यात घेईल. माझा काका बांधकामावर मुकादम होता. नवख्यांनी चढवलेले थर उतरवायला किती वेळ जातो ते मी त्याच्या तोंडून, आणि बऱ्याच शिव्यांसकट, ऐकलंय.

कोपरा

चहाबाज, हा हिशोब नेहमी दिला जातो आणि नेहमी त्यातली एक गोम सोडून दिली जाते. ते तीस हजार डॉलर हॉन्डुरसच्या खात्यात जमा व्हायची वाट बघत बसलेले नसतात हो. सहल रद्द झाली तर ते हॉन्डुरसला जात नाहीत, फ्लोरिडाला जातात, मिकी माऊसकडे. आत्तेसासूबाईंनी 'अमुक देशातल्या गवंड्यांसाठी पैसे द्या' या पत्राला वीस डॉलर दिले असते का? नातीला दिले.

मी स्वतः सतराव्या वर्षी अशा एका गटाबरोबर मेक्सिकोला गेले होते. माझंही घर ख्रिस्ती नाही. आमच्या गटानं बांधलेला संडास चांगला होता की वाईट हे मला खरंच माहीत नाही. पण तिथे एका बाईच्या स्वयंपाकघरात मी तीन दिवस तिच्याबरोबर टॉर्तिया थापत होते आणि मला तिच्याशी एक वाक्य बोलता येत नव्हतं. त्या लाजेपोटी परत येऊन स्पॅनिश घेतलं. आज मी एका रुग्णालयात दुभाष्याचं काम करते. रोज. बाळंतपणाच्या खोलीत घाबरलेल्या पोरीला तिच्या भाषेत 'आता जोर लाव' सांगणारी बाई त्या सात दिवसांतून निघाली. हा नफा तुमच्या कुठल्या रकान्यात मांडणार?

चहाबाज

मांडतो की. 'कोपरा यांचा नफा' या रकान्यात. मेक्सिकोच्या नाही.

आणि तुमच्यासारख्या किती, हाही प्रश्न आहे. त्याच व्हर बीक यांनी परत आलेल्यांनाही विचारलं होतं. बहुतेक जण म्हणाले, आम्ही बदललो, आता जास्त दान करतो. देणग्यांच्या नोंदी तपासल्यावर वाढ जेमतेम दिसली. प्रिन्स्टनचे रॉबर्ट वुथनाऊ यांचा २००० च्या दशकातला अंदाज आहे की वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकी चर्चसदस्य अशा परदेशवाऱ्या करतात. इतक्यांचं आयुष्य दरवर्षी पालटत असतं तर अमेरिका आज ओळखू आली नसती.

पोरांना जग दाखवायचंय? दाखवा. सहल म्हणा, मी पन्नास डॉलर देतो. 'मिशन' म्हणून अनवाणी पोराचा फोटो लावलात की माझं पाकीट बंद.

तिरफळ

एवढी चर्चा कशाला? मूळ हेतू उघड आहे. भिंत हा बहाणा, दुपारच्या गोष्टी हा खरा धंदा. आणि गंमत बघा, हॉन्डुरस आधीच जवळजवळ सगळा ख्रिस्ती! मग कुणाला तारायला चाललेत? तर कॅथलिकांना ओढून आपल्या पंथात घ्यायला. तिकडे ही तऱ्हा, इकडे २०१८ साली एक सव्वीस वर्षांचा अमेरिकन पर्यटक व्हिसावर येऊन, मच्छीमारांना पैसे चारून अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर, बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेल्या आदिवासींत, उतरला आणि बाणांनी मेला. त्याचं काय ते झालं, पण त्याच्या अंगावरच्या साध्या सर्दीनं ते अख्खं बेट संपलं असतं. भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करायचा नाही असा नियम असताना हे लोक येतातच. [पुढचा मजकूर संपादित]

संपादक मंडळ

तिरफळ, 'तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलला' छापाचे उल्लेख धोरणात बसत नाहीत. बाकी मुद्दे ठेवले आहेत. कृपया धागा हॉन्डुरसहून फार दूर नेऊ नका.

अनुस्वार

मी नगर जिल्ह्यातला. चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. त्यामुळे या धाग्यावर विमानातून उतरणाऱ्यांची बाजू कळणारे बरेच आहेत, पण ज्यांच्या दारात ती गाडी येऊन थांबते त्यांच्यातला बहुधा मी एकटाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तिरफळ यांना. सेंटिनेलवर गेलेल्याची वकिली मी करणार नाही. तुम्ही म्हणालात तेच खरं, सर्दीनंसुद्धा बेट संपलं असतं. हॉन्डुरसचंही बरोबर, तिथे येशूची ओळख करून द्यायला ओहायोहून कुणी जायची गरज नाही. पण 'हे लोक' म्हणून सगळ्यांना एका दोरीत ओवू नका.

आमच्या मराठी मिशनची सुरुवात १८१३ साली मुंबईत झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायची तयारी झाली होती. हॉल राहिले, मराठी शिकले, मराठीत लिहिलं, आणि १८२६ मध्ये प्रवासात कॉलऱ्यानं गेले. सिंथिया फरार १८२७ ला आल्या. मुलींना शिकवणं हेच त्यांचं काम, आधी मुंबईत, मग नगरला. सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. म्हणजे इथे पस्तीस वर्षं. मिरजेचे वानलेस डॉक्टर १८८९ ला आले ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. सांगली-मिरजेकडची माणसं आजही वानलेसवाडी म्हणतात. या लोकांवर टीका करायला भरपूर जागा आहे, आम्हीही करतो. पण ते आठवड्याभरानं परत जाणारे नव्हते. भांडायला, चुका दाखवायला माणूस समोर असायचा.

आता माझ्या लहानपणचं. साल १९९४ की ९५, नाताळानंतरचा आठवडा. आमच्या वाडीवर परदेशी पाहुणे येणार असं पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं. पंधरा दिवस आधीपासून मंडळी कामाला. शेणसडा, पताका, मुलांचं इंग्रजी गाणं. माझ्या चुलत्यानं दोन बकरी विकायची थांबवली, कारण पाहुण्यांना जेवण. पाण्याच्या सीलबंद बाटल्या नगरहून आणल्या, त्या जमान्यात, उसनवारीवर. पाळकसाहेबांची ती उधारी फिटायला पुढच्या वर्षीचा पीक-अर्पणाचा सण उजाडला, हे मला फार नंतर कळलं. पाहुण्यांना कधीच कळलं नाही. त्यांना वाटलं असेल, गरीब लोक, पण मन किती मोठं.

त्यांनी आमच्या शाळेला रंग दिला. चुन्याची भिंत, तिच्यावर फिकट निळा ऑइलपेंट. आमच्या वाडीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, तो समोरच्या निंबाखाली उकिडवा बसून दोन दिवस हे बघत होता. त्यानं एकदाच तोंड उघडलं, "आधी खरवडा म्हणावं." सांगणार कोण? दुभाषी पाहुण्यांबरोबर फोटोत होता. मृगाच्या पहिल्या पावसात पापडासारखे पोपडे निघाले. आम्ही पोरं ते तोडून शाळेत एकमेकांच्या डोक्यावर टाकायचो.

फोटोचंही सांगतो. एकानं माझा आणि बहिणीचा फोटो काढला आणि पत्ता लिहून घेतला, पाठवतो म्हणाला. माझी बहीण दोन वर्षं पोस्टमनला विचारत होती. शिलाईमशीनताई, तुमच्या पत्रावरचं ते अनवाणी पोरगं कुठेतरी असंच पोस्टमनची वाट बघत असेल. त्याला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

इथपर्यंत वाचून चहाबाज खूश झाले असतील. थांबा. त्याच गटात दातांची एक डॉक्टरीणबाई होती. साठीच्या आसपासची, जाड भिंगांचा चष्मा. तिनं रंगाला हात लावला नाही. येण्याआधीच तिनं पत्र लिहून पाळकसाहेबांना विचारलं होतं, काय आणू? त्यांनी कळवलं होतं, म्हाताऱ्यांचे दात फार दुखतात. मिशन बंगल्याच्या ओसरीत लाकडी खुर्ची टाकून ती सकाळी सातपासून बसायची, मदतीला नगरचा एक तरुण डेंटिस्ट. तिला मराठीचे दोनच शब्द येत होते: 'उघडा' आणि 'थुंका'. माझ्या आजीची सडकी दाढ तिनं काढली. तीन वर्षं आजी त्या बाजूनं चावली नव्हती. त्या रात्री तिनं मऊ भात मागितला आणि चौथ्या दिवशी भाकरी. बाई पुढचे तीन हिवाळे आली, त्याच ओसरीत, त्याच डेंटिस्टबरोबर. त्यानंतर नाही आली. पुढे तो डेंटिस्ट दर महिन्याला एका गुरुवारी स्वतःच येऊ लागला. आजी मरेपर्यंत नाताळ आला की विचारायची, "थुंकाबाई आली का रं?"

दोघंही सातच दिवसांचे पाहुणे. एकाच गाडीतून उतरलेले.

परसदार

अनुस्वार, दंडवत. थुंकाबाई आता डोक्यातून जाणार नाही.

मी भूलतज्ज्ञ. वैद्यकीय वाऱ्यांना सरसकट झोडपू नये म्हणून लिहितोय. १९७८ मध्ये सुरू झालेली मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था आहे, जहाजावरच रुग्णालय चालवते, बहुतेक आफ्रिकेच्या किनाऱ्याला. तिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोन-तीन आठवड्यांसाठी येतात, स्वखर्चानं. पण जहाज एकाच बंदरात महिनोन्महिने असतं, त्यामुळे टाके काढायला, गुंतागुंत झाली तर सावरायला मागे माणसं असतात. येणारा अल्पकाळचा, व्यवस्था दीर्घकाळची.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पंढरपूरला जन्मलेले, न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये राहणारे डॉ. शरदकुमार दीक्षित. यात मिशनचा काही संबंध नाही, पण मुक्कामाचा आहे. दरवर्षी भारतात येऊन गावोगाव प्लास्टिक सर्जरीची मोफत शिबिरं घ्यायचे. दुभंगलेले ओठ, चेहऱ्यावरचे व्रण. अपघातानं अर्धं शरीर लुळं, स्वरयंत्राचा कर्करोग, हृदयविकार, तरी येत राहिले. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये गेले. एका गावात मुक्काम थोडाच असायचा. ज्या पोरीचा ओठ शिवला तिला कुणी जाऊन सांगावं, की हे अल्पमुदतीचं होतं, सबब निरुपयोगी.

कडीपत्ता

परसदार, शस्त्रक्रियेचं मान्य, ओठ एकदा शिवला की शिवला. पण बहुतेक चर्चगटांबरोबर सर्जन नसतात हो, गोळ्यांच्या पेट्या असतात. मी फार्मासिस्ट आहे आणि अशा एका शिबिरात (मध्य अमेरिकेतच) गोळ्या वाटायला बसलेय. रांगेत बायका, प्रत्येकीचं ब्लडप्रेशर वाढलेलं, प्रत्येकीला तीस दिवसांच्या गोळ्या. एकतिसाव्या दिवशी काय, हे मी गटप्रमुखाला विचारलं तर म्हणाला, देव बघेल. शेजारच्या गल्लीत औषधांचं दुकान होतं. त्या आठवड्यात त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही, तो दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. अजून आठवतो.

शिलाईमशीन, तुमच्यासाठी मात्र एकच सांगायचंय आणि ते घाईनं सांगते. वेळापत्रकात 'अनाथाश्रम भेट' असेल तर मुलीला पाठवू नका. भिंत चालेल, समुद्र चालेल, अनाथाश्रम नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशी निवासी केंद्रं ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यातल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. नेपाळमध्येही बहुतांश बालगृहं काठमांडू, पोखरा अशा पर्यटकांच्या भागांतच. पाहुणे येतात, डॉलर येतात, म्हणून मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली. हैतीत तर कहर: १२ जानेवारी २०१० ला भूकंप, आणि महिना संपायच्या आत दहा अमेरिकन बॅप्टिस्ट ३३ मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पकडले गेले. 'अनाथ' मुलं म्हणे. बहुतेकांचे आईबाप होते. त्या लोकांचा हेतू वाईट होता असं मला वाटतही नाही, आणि त्यानंच जास्त भीती वाटते.

भीमथडी

सोलहून लिहितोय. इथे कोरियात हा विषय काढला की लोक अजून गप्प होतात. जुलै २००७ मध्ये इथल्या सेम्मुल चर्चचे २३ जण अल्पमुदतीच्या सेवेसाठी अफगाणिस्तानात गेले, काबूलहून कंदाहारकडे जाताना गझनीत तालिबाननं बस अडवली. गटाच्या पाद्र्यासह दोघांना मारलं. बाकीचे सुटायला ऑगस्टअखेर उजाडली, आणि त्यासाठी सरकारला तालिबानशी थेट बोलावं लागलं, सैन्य वर्षाअखेर परत आणण्याचा शब्द द्यावा लागला. तिकडे जाऊ नका असं सरकार आधीपासून सांगत होतं. माझ्या ऑफिसातला एक ज्येष्ठ सहकारी स्वतः चर्चला जाणारा, तो म्हणतो, "त्या उन्हाळ्यात आम्ही मेलेल्यांसाठी रडत होतो आणि शेजारी आमच्यावर चिडलेले होते."

ओहायोच्या मुलीला हा धोका नाही, ठाऊक आहे. पण जाणाऱ्याच्या पुण्याची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो, एवढ्यासाठी सांगितलं.

कोपरा

सगळे एकदम तालिबानपर्यंत पोचलात! मूळ प्रश्न एका शाळेच्या भिंतीचा आहे.

एक सांगा, तुमच्यापैकी किती जण कॉलेजात एनएसएसच्या शिबिराला गेलात? सात दिवसच असतात ना? आम्ही मावळातल्या एका गावात शोषखड्डे खणले होते. गावकऱ्यांनी पुढच्या वर्षी त्यात कोंबड्या ठेवल्या. आनंदवनवाल्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला मे महिन्याच्या उन्हात पोरं जातात, बाबा आमट्यांच्या काळापासून. तिथून आलेल्या मित्रांनी आयुष्याची दिशा बदललेली मी पाहिलीय. त्यांनी उचललेल्या घमेल्यांवाचून आनंदवनाचं काही अडलं असतं का? तिथे आपण कौतुकानं 'संस्कार' म्हणतो आणि गोऱ्या पोरांनी तेच केलं की दांभिकपणा. हे काही बरोबर नाही.

चहाबाज

कोंबड्यांना दाद. आणि मुद्दा बिनतोड आहे, मला दोन दिवस सुचेना.

पण सोमनाथला मी गेलोय. तिथे पहाटे कुणी उठवलं माहितीये? कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, झडलेल्या बोटांच्या एका कार्यकर्त्यानं. घमेलं कसं धरायचं ते त्यानं शिकवलं आणि मी चुकलो तेव्हा सगळ्यांसमोर हसला. यजमान तो होता, मी लिंबूटिंबू. माझं तिथे असणं उपकार आहे असं मला क्षणभरही वाटू दिलं नाही. शिवाय त्याची बोली मला कळत होती, त्यामुळे तो काय म्हणून हसला तेही कळलं. अनुस्वारांच्या वाडीत पेंटर निंबाखाली बसून होता. तो भिंतीवर चढलेला असता आणि पाहुणे खालून बादल्या देत असते, तर मी या धाग्यावर एक शब्द लिहिला नसता.

एनएसएसबद्दल मात्र तुमचं मान्य. आमच्या गावात येणाऱ्या एनएसएसवाल्यांनाही आम्ही असंच झेलायचो.

तिरफळ

म्हणजे फिरून फिरून सगळे 'पाठवा' वरच आले. सोळाव्या वर्षीच्या मुलीला रोज संध्याकाळी रडत रडत साक्षी (येशूनं आयुष्य कसं बदललं त्या कहाण्या) ऐकवल्या जातील, मेणबत्त्या, गिटार. या वयात माणूस कशालाही हो म्हणतो. यावर कुणी बोलतच नाहीये.

अनुस्वार

हा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि मी स्वतः रविवारची शाळा चालवतो म्हणून सांगतो. दमलेली मुलं, घर लांब, रात्रीची गाणी. त्यात भावनेच्या भरात बरंच काही होतं. मुलीला आधी सांगून ठेवा की सगळे येशूला स्वीकारायला उठून पुढे गेले तरी तू बसून राहू शकतेस. शहाणा पाळक त्याचा राग धरत नाही. धरला, तर तो कसा आहे ते कळलंच.

ताई, भिंतीबद्दल कुणाला तरी विचाराल का? म्हणजे चर्चला नव्हे, हॉन्डुरसमधल्या त्या शाळेला. भिंत कुणी मागितली, हे.

शिलाईमशीन

उशीर झाला, माफ करा. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला (तिला वाचता येतं, पण 'उकिडवा' आणि 'ओळंबा' अडले). थुंकाबाईला हसली, फोटोच्या परिच्छेदाला गप्प झाली.

अनाथाश्रम वेळापत्रकात नाही, खात्री केली. कडीपत्ता, आभार.

भिंतीचं तिनं स्वतः विचारलं. युवागटाच्या पास्टरांना आधी जरा राग आला असावा, पण त्यांनी तिथल्या पाळकांचा पत्ता दिला. कोपरा यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) स्पॅनिश पत्र दुरुस्त करून दिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ते साधारण असं: मुलं येणार याचा आम्हाला आनंद आहे. भिंत दोन वर्षांपूर्वीच्या गटानं अर्धी सोडली होती, तीच आहे. आमच्या मंडळीतच तीन गवंडी आहेत, त्यांना सध्या काम नाही. सिमेंटचे पैसे आधी आले तर ते एप्रिलमध्येच भिंत उरकतील, पावसाच्या आत. मग जूनमध्ये मुलांनी काय करायचं ते आपण बोलू. आणि शेवटी एक ओळ, जी कोपरांनी दोनदा तपासून दिली: 'हे आम्हाला याआधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं.'

हे पत्र लेकीनं गटाच्या बैठकीत वाचलं. वाद झाला म्हणे. एका बापाचं म्हणणं, भिंत आधीच झाली तर मुलं करणार काय, पैसे कशाच्या नावावर मागायचे? दोन आया रागावल्या की हे एका बाहेरच्या मुलीनं का उकरावं. पास्टरांनी निर्णय पुढच्या रविवारवर टाकलाय. समोशांचे पैसे सिमेंटला पाठवायचे, एवढं मात्र हात वर करून मंजूर झालं. ४१० डॉलर.

आम्ही पत्रावरचा तो फोटो काढून टाकला. नवरा अजून 'नाही'वरच आहे, पण आता कारण बदललंय. म्हणतो, गवंडी तिथे आहेत तर ही कशाला? हिचं म्हणणं, मला त्या गवंड्यांकडून शिकायचंय. संमतीपत्रावर सही शुक्रवारपर्यंत हवी.

चहाबाज

शाब्बास पोरी. माझे पन्नास डॉलर सिमेंटमध्ये धरा, कसे पाठवायचे ते व्यनि करा. आणि गवंड्यांची मजुरी? ४१० मध्ये फक्त माल येईल. रोज किती पडतो तिथे, विचारलंत का?

शिलाईमशीन

नव्हतं विचारलं. आज लिहिते. उत्तर आलं की इथे टाकते.